नवा शब्द घरात घेण्यापूर्वी

उपासक-उपासिकांनो,

दीक्षा घेतलेल्या घरात पहिल्या वर्षी काय काय बदलते? देव्हारा निघतो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर येते. पोर्णिमेला वंदना सुरू होते. या सर्वांच्या मागोमाग आणखी एक गोष्ट घरात शिरते, परंतु तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे नवे शब्द. रामरामाच्या जागी 'जय भीम' येतो. 'श्री.'च्या जागी 'आयु.', लग्नाच्या जागी 'मंगल परिणय', 'कै.'च्या जागी 'कालकथित' आणि तेराव्याच्या जागी 'पुण्यानुमोदन' येते.

काही घरे हे सारे शब्द एका दिवसात उचलतात. काही घरे म्हणतात, हे बनविलेले शब्द आहेत, आपली बोली काय वाईट आहे? दोन्ही घरे प्रामाणिक आहेत. मग नव्याने घडविलेला शब्द रोजच्या बोलण्यात घ्यावा की घेऊ नये? आजच्या पाठात याचा विचार करू.

१. आजीचे दोन प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा पत्रिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिला मुलगा मीच. वडिलांनी कागद हाती दिला आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस, चांगलं लिही." मी शोधून शोधून शब्द लिहिले. 'आयुष्मती', 'मंगल परिणय', 'कार्यस्थळ', 'स्वागतोत्सुक', 'दर्शनाभिलाषी'. सेलूच्या छापखान्यातून पत्रिका आल्या. संध्याकाळी ओट्यावर सर्वांसमोर मी ती मोठ्याने वाचून दाखविली. वाचून झाल्यावर आजी म्हणाली,

"लई भारी लिवलंस बाबा. पर लगीन कव्हा हाय अन् कुठं हाय, ते काही मला उमजलं नाही."

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. आपल्याला कळू नये अशा भाषेत पिढ्यानपिढ्या पोथ्या वाचल्या गेल्या आणि आपण लांब उभे राहून त्या ऐकल्या. आता लग्न नातीचे, पत्रिका लिहिणारा नातू, आणि आजी पुन्हा लांबच उभी!

दुसरा प्रसंग दोन वर्षांनंतरचा. आजोबा वारले. गावातल्या एका भल्या माणसाने श्रद्धांजलीचा फलक लावला. तसबिरीखाली 'कै.' लिहून पुढे आजोबांचे नाव होते. आजीने विचारले, "कै. म्हंजे काय रं?" मी सांगितले, कैलासवासी, म्हणजे मेल्यावर कैलासात राहायला गेलेले. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,

"ते कव्हा गेलते कैलासाला? तीस सालं मालकाच्या वावरात घातली त्यांनी. दुसरं काही तरी लिव्ह."

मी 'कालकथित' लिहिले आणि अर्थ सांगितला, ज्यांचा काळ पुरा झाला ते. आजी म्हणाली, "हे बरं हाय. हे खरं हाय."

एकाच अक्षरशत्रू म्हातारीने एका नव्या शब्दापुढे हात टेकले आणि दुसरा नवा शब्द मागून घेतला. शब्द नवा आहे की जुना, हा तिचा प्रश्नच नव्हता. तो मला कळतो का आणि तो खरे बोलतो का, एवढेच तिने पाहिले. आजचा पाठ मी तिच्याकडूनच शिकलो आहे.

२. शब्द बसतात कसे?

आज जुना वाटणारा प्रत्येक शब्द कधी तरी नवाच होता. शाळेच्या हजेरीपटावर मी रोज 'दिनांक' लिहितो. हा शब्द वि. दा. सावरकरांनी प्रचारात आणला. 'महापौर', 'चित्रपट' हे शब्दही त्यांच्याच नावे सांगितले जातात. मराठीतून अरबी-फारसी शब्द काढून टाकावेत, हा त्यांचा हेतू होता. तो हेतू आपला नाही. तरी शब्द उपयोगी पडला म्हणून लोकांनी घेतला. पण 'तारीख' गेली का? कोर्टात अजूनही तारीख पडते, दिनांक पडत नाही! दोन्ही शब्द आपापल्या जागी सुखाने नांदत आहेत.

आपला हा परभणीचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दप्तराचा कारभार उर्दूत चाले. अर्ज, फिर्याद, जामीन, वकील, दवाखाना, तहसील हे शब्द मराठीत आधीपासून होतेच, आमच्याकडे ते अधिक घट्ट रुतले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. १९६२ साली सरकारी हुद्द्यांच्या मराठी नावांचा 'पदनाम कोश' निघाला. त्यातील जड शब्दांवर इतकी टीका झाली की लोक त्याला 'बदनाम कोश' म्हणू लागले. परंतु सगळेच नवे शब्द फसले असे समजू नये. 'जिल्हाधिकारी' हा शब्द आज पोरासोरांच्या तोंडी आहे. त्याच्याच हाताखालचा 'तहसीलदार' मात्र जुन्याच नावाने राहिला आणि कोणाचे काही अडले नाही. 'भ्रमणध्वनी' पत्रिकेत छापला जातो, खिशात मात्र मोबाईल असतो.

यावरून काय दिसते? शब्द घडविणे एकाच्या हाती असते, तो बसविणे सर्वांच्या हाती असते.

कोणी म्हणेल, शब्दात एवढे काय आहे? त्याला मराठवाड्याने उत्तर दिलेले आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर याच मराठवाड्यात वस्त्या जाळल्या गेल्या आणि माणसे मारली गेली. पुढे सोळा वर्षे लढा चालला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आले, परंतु 'मराठवाडा' हा शब्दही ठेवला गेला. या तडजोडीसाठी एक नवा शब्द पुढे आला, 'नामविस्तार'. तो सरकारी कागदावर बसला, आपण त्याचा दिवसही पाळतो. पण ज्यांची घरे जळाली ते त्या लढ्याला आजही 'नामांतर'च म्हणतात. लोक कोणता शब्द कोठे ठेवतात, यालाही अर्थ असतो.

३. तथागतांनी काय केले?

आपला प्रश्न नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भाऊ भिक्खू झाले होते. त्यांची वाणी शुद्ध होती. त्यांनी तथागतांकडे तक्रार केली, की निरनिराळ्या जातींतून आणि कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवीत आहेत, तरी आम्ही ते छंदस् भाषेत बसवितो. तथागतांनी हे नाकारले. भाऊंना दोष दिला आणि बुद्धवचन आपल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'आपल्या भाषेत' म्हणजे बुद्धांच्या मागधीत, असा अर्थ अट्ठकथेने केला आहे. अनेक आधुनिक अभ्यासक मात्र भिक्खूंची आपापली बोली असाच अर्थ घेतात. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. मूठभरांनाच कळणाऱ्या भाषेत धम्म कोंडण्यास तथागतांनी नकार दिला. माझी पत्रिका त्या दोन भावांच्या बाजूची होती.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्त याहून पुढे जाते. 'अरण' म्हणजे जेथे भांडण नाही ते. या सुत्तात तथागत भांड्याचे उदाहरण घेतात. एकाच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, आणखी कोठे वित्थ, सराव, धारोप, पोण किंवा पिसील. आमचाच शब्द खरा, बाकीचे खोटे, असा हट्ट धरला की भांडण सुरू होते. म्हणून भिक्खूने आपल्या प्रांताच्या शब्दाला चिकटून बसू नये, तसेच लोकांमध्ये रूढ असलेला शब्द उगाच ओलांडूनही जाऊ नये. ज्या गावी जो शब्द चालतो तो वापरावा. आपल्याकडे कोणी घागर म्हणतो, कोणी कळशी म्हणतो, पाणी तेच असते.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. जे शब्द माणसाला जन्मावरून उच्च-नीच ठरवीत होते, ते तथागतांनी जसेच्या तसे राहू दिले नाहीत. सुत्तनिपातात वसल सुत्त आहे. अग्गिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण भिक्षेला आलेल्या तथागतांना 'वसल' म्हणजे हीन असे हिणवून थांबवतो. तथागत शांतपणे विचारतात, वसल कोण हे तुला माहीत आहे काय? आणि मग सांगतात की जन्माने कोणी वसल होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मणही होत नाही. कर्माने होतो. शब्द जुनाच राहिला, त्यातला अर्थ मात्र पालटला.

म्हणजे साध्या वस्तूच्या शब्दासाठी भांडू नये, पण माणसाला खाली ढकलणारा शब्द मुकाट्याने सोसूही नये. ही दोन्ही वचने एकत्र ध्यानात ठेवली म्हणजे आपल्या घरातील गोंधळ पुष्कळसा मिटतो.

४. तीन कसोट्या

पहिली कसोटी: जुना शब्द अपमान करतो काय, किंवा आपल्या तोंडून खोटे वदवितो काय?

तसे असेल तर नवा शब्द अवश्य घ्यावा. आपल्या वाडवडिलांना गावात 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. त्या एका शब्दात वाकलेली पाठ होती. त्या जागी 'जय भीम' आला. कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांच्याशी या अभिवादनाचे नाव जोडले जाते. हा शब्द घडविलेलाच आहे, पण तो ताठ मानेने म्हणता येतो, लहान मुलालाही म्हणता येतो आणि समोरचा तोच शब्द उलट म्हणतो. जोहारात एक वर होता आणि एक खाली. 'जय भीम'मध्ये दोघे समान आहेत. म्हणून तो कोणत्याही कोशाच्या मदतीवाचून देशभर गेला.

याउलट 'हरिजन' शब्द पाहा. तोही नवाच प्रचारात आणलेला होता आणि कानाला गोड होता. तरी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नाकारला. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याची वेळ आली, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. ज्यांना नाव द्यायचे त्यांना न विचारता दिलेले नाव होते ते. ज्याच्यासाठी शब्द घडवायचा त्याची संमती नसेल, तर शब्द कितीही गोड असो, तो उपकाराचाच शब्द ठरतो.

दुसरी कसोटी: घरातील सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला तो कळतो काय?

कळत नसेल तर दोष त्या माणसाचा नाही. शब्द समजावून सांगणे हे शिकलेल्याचे काम आहे. 'मंगल परिणय' छापू नका असे मी म्हणत नाही. छापा, पण खाली साध्या मराठीत लग्न कोठे आणि किती वाजता ते लिहा. 'लग्न' म्हटल्याने दीक्षा मोडत नाही. काहीजण म्हणतात, 'लग्न' हा ज्योतिषाचा शब्द आहे, टाकून द्या. खरे आहे, तो राशीच्या लग्नावरून आला. पण संस्कृतात 'परिणय' म्हणजे सभोवती नेणे, वधूला अग्नीभोवती नेणे! मग तोही टाकायचा काय? शब्दाची मुळे खणत बसलो तर बोलायला शब्दच उरणार नाहीत. आज लोक तो कोणत्या अर्थाने बोलतात आणि आपण त्या प्रसंगी काय करतो, हे पाहावे.

'कालकथित'विषयीही हेच. आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याने मला हटकले, "गुरुजी, कथित म्हणजे सांगितलेला. काळाने सांगितलेला म्हणजे काय?" त्यांचे म्हणणे व्याकरणाने बरोबर आहे. पालीत मृत व्यक्तीसाठी 'कालकत' असा शब्द आहे, म्हणजे काळ केलेला, आयुष्य पुरे केलेला. छापील 'कालकथित' त्याच्याशी अक्षराने जुळत नाही. परंतु हजारो घरांनी तो त्याच अर्थाने स्वीकारला आहे. मराठीत असे घासून-मोडून रूढ झालेले शब्द थोडे नाहीत. ज्यांना खटकेल त्यांनी 'स्मृतिशेष' लिहावे. यावरून दोन घरांत वाद मात्र होऊ नये. अरणविभंग सुत्त आठवावे.

एक चूक मात्र टाळावी. काही ठिकाणी कोणाच्याही मृत्यूला 'महापरिनिर्वाण' म्हणू लागले आहेत. हा शब्द तथागतांच्या देहत्यागाचा आहे. ६ डिसेंबर या दिवसासाठी आपण तो बाबासाहेबांविषयीच्या कृतज्ञतेने वापरतो. मोठा शब्द प्रत्येक घरी वापरला की तो मोठा राहत नाही.

तिसरी कसोटी: शब्दामागे वागणूक आहे काय?

ही सर्वांत अवघड कसोटी आहे. पत्रिकेवर 'पुण्यानुमोदन' छापले, पण दिवस मोजून तेरावाच धरला, गुपचूप पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट पाहिली, तर बदलले काय? फक्त छपाई. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा आहे. 'पुण्यानुमोदन' हा शब्द ती प्रतिज्ञा पाळणाऱ्याच्या घरी शोभतो. त्या दिवशी वंदना घ्यावी, मृताच्या चांगल्या कामाची आठवण काढावी, शाळेतील एखाद्या गरीब मुलाला वह्या द्याव्यात. मग शब्दाला पाय फुटतात.

हीच गोष्ट सरकारी शब्दांची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्य आहे. पण पाटी बदलली तरी गावाच्या तोंडी जुनेच नाव राहिले, आणि नळाचे पाणी भीमनगरात शेवटीच पोहोचले, तर त्या शब्दाचे काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल. उरलेले अर्धे आपण करावयाचे आहे. आपण स्वतः पत्ता सांगताना नवे नाव सांगावे, मुलांच्या दाखल्यावर तेच लिहावे, कोणी जुने नाव घेतले तर न रागावता दुरुस्त करावे आणि पाण्यासाठी ग्रामसभेत उभे राहावे.

५. 'नवबौद्ध' या शब्दाविषयी

नवदीक्षित कुटुंबे हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला, कारण अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून राज्याच्या सवलती दिल्या आणि 'नवबौद्ध' हा शब्द सरकारी कागदांत रुळला. केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली दुरुस्ती होऊन झाला.

आता कसोट्या लावा. कागदाला हा शब्द उपयोगी पडला, हे मान्य केले पाहिजे. पण माणसाने तीन पिढ्या 'नव'च राहायचे काय? तथागतांच्या शिकवणुकीत काल आलेला आणि वीस वर्षांपूर्वी आलेला यांच्यात उच्च-नीच नाही. म्हणून घरात, शाळेत, पाहुण्यांत आपण 'बौद्ध' एवढेच म्हणावे. कागदाची गोष्ट वेगळी आहे. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळेचा दाखला यांवर नियमाने जे शब्द मागितले असतील तेच लिहावेत, अक्षराचाही फरक करू नये. उत्साहाच्या भरात तेथे आपल्या मनाचा शब्द घातला तर दाखला अडतो आणि मुलाचे वर्ष वाया जाते. तहसीलच्या खिडकीवर शब्दाचा वाद घालू नये, तो आपल्या वागण्यातून गावात घालावा.

६. सार

नवा शब्द केवळ नवा म्हणून घेऊ नये आणि केवळ बनविलेला म्हणून टाकू नये. भाकर, विहीर, आई, माती या शब्दांनी आपले काही वाईट केलेले नाही. ते जसे आहेत तसे राहू द्यावेत. जेथे जुना शब्द पाठ वाकवितो किंवा खोटे वदवितो तेथे नवा शब्द घ्यावा, तो घरातील प्रत्येकाला समजावून द्यावा आणि घेतल्यावर त्याप्रमाणे वागावे. शब्द हा एक प्रकारचा वायदा आहे. जो पाळता येईल तोच करावा.

यंदा माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका पुन्हा मीच लिहिली. वर 'मंगल परिणय' ठेवले. खाली लिहिले, "लग्न रविवारी दुपारी साडेबारा वाजता, आपल्या वस्तीतील बुद्धविहारासमोर. जेवायला सर्वांनी यावे." छापायला देण्यापूर्वी आजीला वाचून दाखविली. ती म्हणाली, "आता जमलं." मग तिने शेजारच्या बाईला हाक मारून सांगितले, "आमच्या पोराचं मंगल परिणय हाय रविवारी, ये बरं का!" शब्द तिला कळला होता, म्हणून आता तो तिचा झाला होता.

घरी करावयाचा अभ्यास

१. येत्या पोर्णिमेला वंदनेनंतर सर्वांनी एकत्र बसून, दीक्षेनंतर घरात आलेले नवे शब्द एका वहीत लिहावेत. प्रत्येकाचा अर्थ घरातील सर्वांत वडील माणसाने आपल्या बोलीत सांगावा. न सांगता आल्यास शिकलेल्यांनी समजावून द्यावा.

२. ज्या शब्दामागे अजून वागणूक आलेली नाही त्यापुढे खूण करावी. त्याविषयी पुढील पोर्णिमेपर्यंत एक तरी गोष्ट करावी.

३. आपल्या बोलण्यात दुसऱ्या कोणाचा अपमान करणारा शब्द उरला आहे काय? एखाद्या जातीचे नाव शिवीसारखे, विधवा बाईला हिणवणारा शब्द, अपंग मुलाचे व्यंगावरून पडलेले टोपणनाव? असल्यास तो आजच सोडावा. आपल्याला जो शब्द बोचला, तसा शब्द आपण दुसऱ्याला टोचू नये.

नमो बुद्धाय. जय भीम.